नारळ मिळाल्यानंतर

बँकेतून निवृत्त झालो त्या संध्याकाळी मला रीतीप्रमाणे शाल आणि श्रीफळ मिळालं. घरी आल्यावर श्रीफळ देवापुढे ठेवलं. सौ. निरांजन लावत होती. ती सहज म्हणाली, ''म्हणजे शेवटी नारळ दिलाच म्हणायचा!'' ज्या फळानं माणसाचा सत्कार करायचा, त्याच फळाचं नाव घेऊन त्याला कामावरून घालवायचं, ही करामत आपल्या मराठीलाच सुचू जाणे. मी हसलो. पण रात्री झोप लागली नाही, हेही कबूल करून टाकतो.

पुढे काही महिन्यांनी मी बँकेला एक पत्र लिहिलं. नव्यानं भरती होणाऱ्या मुलांना कर्जप्रकरण कसं वाचावं, कागदांवर सगळं ठीक दिसत असताना माणूस कसा ओळखावा, हे शिकवायला मी विनामोबदला यायला तयार आहे, असं कळवलं. दोन ओळींचं उत्तर आलं. भावनांबद्दल आभार, परंतु नियमात बसत नाही. त्या उत्तराची भाषा मला तोंडपाठ होती. तशी पत्रं मी स्वतः कितीतरी लिहिली होती.

हे सारं मागे पडलं असं वाटत होतं, तेवढ्यात मुलीकडे शिकागोला जाणं झालं. अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आपल्यासारख्यांचा दिनक्रम वाचकांना ठाऊक असेलच. सकाळी मुलगी आणि जावई कामावर गेले की घरात आपण, नातवंड आणि न कळणारी रिमोटची बटणं. मी फिरायला बाहेर पडत असे. असाच एकदा शिकागो विद्यापीठाच्या आवारात गेलो. तिथे एलिस अव्हेन्यूवर हेन्री मूर या शिल्पकाराचं एक कांस्यशिल्प आहे. एका बाजूनं ते कवटीसारखं दिसतं, तर दुसऱ्या बाजूनं ढगासारखं. २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या नियंत्रणाखालची पहिली अणुसाखळी प्रक्रिया याच जागी घडवली, त्याची ती खूण. अणुयुगाचा जन्म इथला, हे मला माहीत होतं. तो जन्म एका फुटबॉलच्या मैदानात, प्रेक्षकांच्या पश्चिमेकडच्या सज्जाखालच्या रॅकेटच्या कोर्टात झाला, हेही कुठेतरी वाचलं होतं. मैदानाचं नाव मात्र लक्षात राहिलं नव्हतं. त्याचं नाव होतं स्टॅग फील्ड. आता तिथे मैदान नाही. १९५७ साली सज्जे पाडले आणि पुढे त्या जागी करड्या दगडाचं एक प्रचंड ग्रंथालय उभं राहिलं.

हा स्टॅग कोण, म्हणून मी त्याच ग्रंथालयाच्या दिशेनं बघत जावयाला विचारलं. तो म्हणाला, ''कुणीतरी कोच होता, बाबा.'' आजच्या अमेरिकेत हे उत्तर पुरेसं आहे. मला ते पुरेना.

अमोस अलोन्झो स्टॅग १६ ऑगस्ट १८६२ रोजी न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंज या गावी जन्मले. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. वडील जोडे शिवायचे. आठ भावंडांत हे पाचवे. शिक्षणाची ओढ जबर आणि खिसा रिकामा. शाळेच्या शेवटच्या टप्प्यात एका माळ्यावरच्या खोलीत राहिले. तिथल्या थंडीत खोली तापवायला पैसे नाहीत आणि जेवण म्हणजे खारी बिस्किटं नि शिळा पाव. वार लावून जेवणाऱ्या आणि माधुकरी मागून शिकलेल्या मुलांच्या गोष्टी ऐकत आपली पिढी वाढली, तेव्हा हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही.

ते येल विद्यापीठात गेले ते धर्मोपदेशक व्हायला. पण तिथे ते गाजले ते बेसबॉलचे गोलंदाज म्हणून. व्यावसायिक संघ पैसे घेऊन दारात आले, तेव्हा स्टॅगनी नाही म्हटलं. त्या काळी व्यावसायिक बेसबॉल आणि दारूचा गुत्ता यांचं घट्ट नातं होतं आणि हा गृहस्थ आयुष्यभर दारू आणि तंबाखूपासून दूर राहिला. फुटबॉलमध्येही १८८९ साली देशातले निवडक अकरा खेळाडू पहिल्यांदा जाहीर झाले, त्यात त्यांचं नाव होतं.

इथे फुटबॉल म्हणजे मोहन बागानचा फुटबॉल नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये लंबगोल चेंडू हातात घेऊन धावायचं आणि समोरच्या अकरा जणांनी त्याला आडवं पाडायचं. आपल्या हुतूतूची पकड आणि सैन्याची चढाई एकत्र केली तर जे होईल, ते साधारण तसं दिसतं.

धर्मोपदेशक व्हायचं तर बोलता यायला हवं आणि स्टॅगना व्यासपीठावर बोलता येत नसे. हे त्यांना वेळेवर कळलं. आपल्याला काय येत नाही हे पंचविशी-तिशीत कळणं हे मी भाग्य समजतो. मला ते पन्नाशीनंतर कळलं. उपदेश प्रवचनातून करता येत नसेल तर मैदानावरून करू, असं ठरवून ते १८९० साली स्प्रिंगफील्ड इथल्या वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात दाखल झाले. तिथे त्यांचे सहकारी होते जेम्स नेस्मिथ. डिसेंबर १८९१ मध्ये या नेस्मिथनी पीचच्या टोपल्या टांगून बास्केटबॉल हा खेळ जन्माला घातला. ११ मार्च १८९२ रोजी त्याचा पहिला जाहीर सामना झाला, शिक्षक विरुद्ध विद्यार्थी. विद्यार्थी ५-१ असे जिंकले. शिक्षकांचा तो एकुलता एक गोल स्टॅग यांचा. आपल्या मुंबईतल्या नागपाड्याची पोरं ज्या खेळात पुढे नाव काढून राहिली, त्याच्या पहिल्या जाहीर सामन्यात हा माणूस होता.

त्याच वर्षी शिकागो विद्यापीठ उघडलं. पैसा रॉकफेलरचा आणि स्वप्न विल्यम रेनी हार्पर या कुलगुरूंचं. हार्पर येलला हिब्रू शिकवत, तेव्हा स्टॅग त्यांच्या वर्गात बसलेले. हार्परना विद्यापीठ एका रात्रीत नावारूपाला आणायचं होतं आणि नव्या विद्यापीठाचं नाव वर्तमानपत्रात यायला ग्रंथालयापेक्षा मैदान लवकर उपयोगी पडतं, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी स्टॅगना नुसतं शिक्षक नेमलं नाही, तर शारीरिक शिक्षण विभागाचे प्रमुख आणि सहयोगी प्राध्यापक केलं, तेही कायम नोकरीवर. क्रीडाप्रशिक्षकाला असा मान तोवर मिळत नसे. इतर ठिकाणी जुने खेळाडू हंगामापुरते येत आणि जात.

पहिल्या वर्षी खेळाडूच पुरेसे जमेनात, म्हणून प्रशिक्षक स्वतःच संघात उतरले. तिथून एकेचाळीस हंगाम! त्यांनी संघाला सात वेळा पश्चिमेकडच्या विद्यापीठांच्या स्पर्धेचं विजेतेपद मिळवून दिलं. आडवं पाडण्याचा सराव करायला भरलेला पुतळा टांगणं, चालीआधी खेळाडूंनी गोल करून कुजबुजणं, पाठीवर आकडे लावणं अशा कितीतरी गोष्टींचं श्रेय स्टॅगना दिलं जातं. शिव्या ते देत नसत. फारच चिडले की खेळाडूला 'गाढव' म्हणत आणि त्याहून चिडले तर 'दुप्पट गाढव'. आमच्या शाळेतल्या ड्रिलच्या मास्तरांचा शब्दसंग्रह याहून पुष्कळच मोठा होता.

पत्नी स्टेला यांच्याविषयी इथेच सांगायला हवं, कारण अशा चरित्रांत बायकोला शेवटच्या परिच्छेदात ढकलण्याची रीत आहे. १८९४ मध्ये लग्न झालं. स्टेला कडेला बसून प्रत्येक चाल कागदावर टिपून घेत आणि प्रतिस्पर्धी संघ कसा खेळतो हे पाहून येत. नवऱ्याचा अर्धा हिशेब त्यांच्या वहीत असायचा.

इथपर्यंत कथा सरळ आहे. पण मी आयुष्यभर ताळेबंद तपासलेला माणूस. जमेची बाजू इतकी भरगच्च दिसली की नावेची बाजू कुठे आहे, हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही.

१९०५ साली शिकागोनं मिशिगनला अवघ्या २-० असं हरवलं आणि मिशिगनची सलग ५६ सामने न हरण्याची मालिका तुटली. त्या वेळी शिकागोचा नायक होता वॉल्टर एकरसॉल. हा मुलगा मैदानावर जादूगार होता. वर्गात मात्र त्याची हजेरी आणि प्रगती यांची अवस्था अशी, की आपल्याकडच्या एखाद्या कॉलेजात तो एटीकेटीलाही बसला नसता. तरीही तो खेळत राहिला आणि खेळण्याची वर्षं संपली तसा पदवी न घेता विद्यापीठाबाहेर गेला. पुढे तो क्रीडापत्रकार झाला, नावही कमावलं. पण ज्या विद्यापीठानं त्याचा उपयोग केला, त्यानं त्याला शिकवलं काय, हा प्रश्न उरतोच. चारित्र्य घडवण्याची भाषा बोलणाऱ्या स्टॅगना हे दिसत नव्हतं, असं मी मानायला तयार नाही. शाखेचं उद्दिष्ट पुरं व्हायला आलं असताना मोठ्या ठेवीदाराच्या कागदांतली त्रुटी मॅनेजरला दिसत नाही, तसंच ते.

त्याच १९०५ सालच्या हंगामात अमेरिकेत फुटबॉल खेळताना अठरा मुलं दगावली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून समज दिली. नियम बदलले आणि १९०६ पासून चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. त्यामुळे एकमेकांवर तुटून पडलेला ढिगारा थोडा मोकळा झाला. स्टॅग नियम करणाऱ्या समितीवर होते आणि पुढे फेकलेल्या चेंडूच्या चाली रचण्यात आघाडीवरही. म्हणजे रोगही त्यांच्या घरचा आणि औषधही.

मैदान मोठं होत गेलं, तिकिटांचा पैसा वाढत गेला. स्टॅग यांचा विभाग विद्यापीठात असून नसल्यासारखा स्वतंत्र झाला. हिशेब वेगळा आणि उत्तर द्यायचं ते थेट कुलगुरूंना. १९१४ च्या सुमारास मैदानाला त्यांचंच नाव दिलं गेलं. जिवंत माणसाचं नाव वास्तूला दिलं की त्या माणसाला निवृत्त करणं अवघड होतं, हा माझा अनुभव आहे.

आणि मग १९२९ साली रॉबर्ट मेनार्ड हचिन्स कुलगुरू झाले. वय वर्षं तीस. त्यांच्या मते विद्यापीठ हे विचार करण्याचं ठिकाण होतं, शनिवारच्या तमाशाचं नव्हे. तिकडे १९२४ नंतर स्टॅगना एकही विजेतेपद मिळालं नव्हतं. १९३२ च्या ऑगस्टमध्ये ते सत्तर वर्षांचे झाले. सत्तरीला निवृत्ती, असा विद्यापीठाचा नियम होता. प्रशिक्षण सोडून दुसरं सन्मानाचं काम देऊ केलं गेलं. स्टॅगनी ते नाकारलं. मी थकलेलो नाही, मला मैदानावरच राहायचं आहे, ही त्यांची भूमिका. एकेचाळीस वर्षांनी त्यांना नारळ मिळाला.

हे वाचलं तेव्हा मी अर्थातच स्टॅगच्या बाजूचा होतो. हचिन्सचा रागही आला. पण राग फार टिकेना, कारण मला आमचे हेड कॅशियर आठवले.

मी अडतीस वर्षांचा असताना एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. हेड कॅशियर त्या गावचेच, सारे त्यांना काका म्हणत. त्यांची निवृत्ती आली तेव्हा ते माझ्या केबिनमध्ये आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, ''साहेब, सहा महिने वाढवून मिळतील का? रोजंदारीवर घेतलंत तरी चालेल.'' पैशाची त्यांना नड नव्हती. मी नियमाचं पुस्तक उघडून त्यांना कलम वाचून दाखवलं. त्यांना ते कलम माझ्याआधी पंचवीस वर्षं माहीत होतं. मुख्य कार्यालयाला शिफारस करणं शक्य होतं. मी केली नाही. कॅश काउंटरवर संगणक यायचे होते, मला तरुण माणूस हवा होता. निरोपाचं भाषण मात्र मी फर्मास केलं होतं.

दुसऱ्या सोमवारी काका धुतलेला सदरा घालून आले आणि शाखेबाहेरच्या बाकावर बसले. मला वाटलं, पेन्शनचं काही काम असेल. ते रोज येऊ लागले. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून येणाऱ्या बायाबापड्यांच्या पैसे काढायच्या आणि भरायच्या स्लिपा ते भरून देत. कुणाचं खातं कुठलं, कुणाचा अंगठा कुठला, कुणाची सून पासबुक लपवते, सगळं त्यांच्या डोक्यात. काउंटरवरची गर्दी निम्म्यानं कमी झाली. माझ्या बदलीपर्यंत, म्हणजे तीन वर्षं, ते तसेच येत होते. मी जाता-येता नमस्कार करी. आत येऊन चहा घ्या, असं म्हणायला मला जवळजवळ वर्ष लागलं.

तेव्हा हचिन्सचं म्हणणं मला कळतं. नियम सर्वांना सारखा हवा. शिवाय त्या माणसानं वाढवलेला खेळ विद्यापीठाच्या डोक्यावर बसला होता, हेही खरं होतं. स्टॅग गेल्यावर शिकागोच्या संघाची रया गेली. १९३५ मध्ये देशातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पहिला मान शिकागोच्याच जे बरवँगरला मिळाला, तेवढाच काय तो दिवा. १९३९ साली मिशिगननं त्यांना ८५-० असं धुतलं आणि वर्षअखेरीला विद्यापीठानं फुटबॉलच बंद करून टाकला. रिकाम्या पडलेल्या सज्जाखाली तीन वर्षांनी फर्मींनी ग्रॅफाइटच्या विटा रचल्या. हचिन्स योग्य होते की नाही, यावर तिथे अजूनही वाद घालता येतो. आज अमेरिकेत अनेक राज्यांत सर्वांत जास्त सरकारी पगार घेणारा माणूस हा राज्यपाल नसून विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉलचा प्रशिक्षक असतो आणि २०२५ पासून तर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत. या रस्त्याचे पहिले खडे अंथरणाऱ्यांत स्टॅग होते. त्यांना मान देताना हे झाकून ठेवणं बरं नाही.

पण मला रात्रभर जागवलं ते त्यांच्या पुढच्या आयुष्यानं. वय सत्तर, राष्ट्रभर नाव, मैदानावर नाव कोरलेलं. अशा माणसानं आत्मचरित्र वाचत, भाषणं देत बसावं. स्टॅग आणि स्टेला उठून गेले ते पार कॅलिफोर्नियात, स्टॉकटन गावच्या कॉलेज ऑफ द पॅसिफिक या लहानशा संस्थेत. तिथे चौदा हंगाम. १९३८ मध्ये हा किरकोळ संघ घेऊन ते शिकागोला आले, स्वतःच्या नावाच्या मैदानावर उतरले आणि आपल्याच जुन्या विद्यापीठाला ३२-० असं हरवून गेले. माझ्यातल्या कादंबरीकाराला हा प्रसंग इथेच संपवायचा मोह होतो. आयुष्य मात्र असल्या ठिकाणी थांबत नाही, पुढे चालूच राहतं.

१९४३ साली देशभरच्या प्रशिक्षकांनी एक्याऐंशी वर्षांच्या स्टॅगना वर्षाचे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरवलं. युद्धकाळ होता, नौदलाच्या प्रशिक्षणाला आलेली तगडी मुलं त्यांना मिळाली होती, हेही नोंदवतो. १९४६ मध्ये इथेही त्यांना जागा सोडावी लागली. वय चौऱ्याऐंशी. आता तरी?

आता ते पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नावाच्या छोट्या विद्यापीठात गेले. तिथे मुख्य प्रशिक्षक होता त्यांचा मुलगा, त्याचंही नाव अमोस अलोन्झो. बाप मुलाच्या हाताखाली. आपल्याकडे दुकानाच्या गल्ल्यावर मुलगा बसला की म्हातारे रुसून माडीवर जातात. आणि नाही गेले तर गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून रोज त्याच्या चुका काढतात. इथे ज्याच्या नावावर ३१४ विजयांचा विक्रम जमा होता, जो १९८१ सालापर्यंत कुणाला मोडता आला नाही, तो माणूस दर हंगामात खंड ओलांडून मुलाला मदत करायला जात राहिला. १९५१ साली त्यांचा संघ एकही सामना हरला नाही. त्याच वर्षी स्टॅग यांचं नाव फुटबॉलच्या सन्मानदालनात खेळाडू म्हणूनही लागलं आणि प्रशिक्षक म्हणूनही.

मग स्टेलांची प्रकृती ढासळली. एवढा प्रवास त्यांना झेपेना. नियमानं, मंडळानं किंवा कुलगुरूनं सांगून जो माणूस मैदान सोडायला राजी होत नव्हता, त्यानं पत्नीसाठी सस्क्वेहाना सोडलं आणि तो स्टॉकटनला घरी राहिला. तेव्हा वय होतं नव्वद.

घराजवळ एक कनिष्ठ महाविद्यालय होतं. तिथल्या मुलांना चेंडूला लाथ कशी मारायची, एवढंच शिकवायचं काम स्टॅगनी घेतलं. संघ कुणा दुसऱ्याचा, चाली दुसऱ्याच्या, जय-पराजय दुसऱ्याच्या खात्यावर. यांच्याकडे एक चेंडू, एक पोरगा आणि उभा पाय कुठे रोवायचा, हे सांगण्याचं काम. त्यांनी ते १९६० पर्यंत केलं, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षापर्यंत.

अमेरिकेत विद्यापीठांच्या खेळाची एक तिसरी श्रेणी आहे. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. मुलं शिकता शिकता खेळतात. १९७३ पासून तिच्या अंतिम सामन्याला स्टॅग यांचं नाव आहे. शिकागो विद्यापीठानं १९६९ मध्ये फुटबॉल पुन्हा सुरू केला आणि आता तेही याच श्रेणीत खेळतं. हचिन्स आणि स्टॅग यांच्या भांडणाचा निकाल कुणीतरी असा परस्पर लावून टाकला आहे.

लग्नाला सत्तर वर्षं व्हायला दोनेक महिने उरले असताना, जुलै १९६४ मध्ये स्टेला गेल्या. १७ मार्च १९६५ रोजी स्टॉकटनमध्येच स्टॅग गेले. वय एकशेदोन.

शिकागोहून परतल्यावर मी त्या तालुक्याच्या गावी जाऊन आलो. शाखा आता दुसऱ्या इमारतीत आहे, वातानुकूलित, आणि स्लिपा भरायला यंत्र आहे. जुन्या इमारतीत मोबाइलचं दुकान आहे. बाहेरचा बाक तेवढा आहे. त्यावर रिचार्जसाठी आलेली एक म्हातारी बसली होती. मी शेजारी बसलो. तिनं मला मुलाचा नंबर लिहिलेला कागद दाखवला आणि विचारलं, ''हा आकडा सात हाय का एक?''